ऑनलाइन विद्यापीठांचा जमाखर्च

विद्यापीठ नफ्यासाठी चालविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने ‘नाही’ असे निःसंदिग्ध शब्दांत देऊन ठेवले आहे. आणि तरीही नफा ही वस्तू उच्च शिक्षणाच्या व्यवहारातून हद्दपार झाली आहे असे उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील एखाद्या पदवीइच्छू तरुणाच्या वडिलांना कोणी सांगू लागला, तर ते गृहस्थ सौजन्य म्हणून फार तर गप्प राहतील. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर दिवसातून चार वेळा ‘काउन्सेलर’चा फोन येतो, उद्यापर्यंतच मिळणाऱ्या सवलतीचा तगादा लागतो, आणि दरमहाच्या हप्त्यांचा हिशेब वर्गाची वेळ कळण्याच्या आधी कळतो. कायद्याच्या पुस्तकातील विद्यापीठ आणि फोनवरून बोलणारे विद्यापीठ यांच्यामधील हे अंतर कसे निर्माण झाले, त्या अंतरात कोणाकोणाची दुकाने थाटली गेली आणि त्या सर्व खटाटोपात प्रत्यक्ष अध्यापन म्हणून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम मागणीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती खोटी नाही. आमच्या उल्हासनगरचेच पाहा. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना बराकींतून वसविण्यात आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि पोटाची व्यवस्था पुरती लागण्यापूर्वीच या लोकांनी शाळा-महाविद्यालयांची तजवीज सुरू केली. १९२२ साली सिंधमधील हैदराबाद येथे नॅशनल कॉलेज काढणाऱ्या मंडळींनी फाळणीनंतर मुंबईत येऊन तीच संस्था नव्याने उभी केली, आणि त्यांच्याच बोर्डाने १९६५ मध्ये येथे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय स्थापन केले. सेवा सदनचे तलरेजा महाविद्यालय त्याच्याही चार वर्षे आधीचे. ज्यांचे घरदार सीमेपलीकडे राहिले होते त्यांनी महाविद्यालयाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले नाही, ही गोष्ट आजच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो. परंतु ही दोन्ही महाविद्यालये कॅम्प ३ मध्ये आहेत, आणि कॅम्प १ मधला बावीस-तेवीस वर्षांचा नोकरदार सकाळी शहाडला कसाऱ्याकडून भरून आलेली लोकल पकडून ठाण्याला, ऐरोलीला किंवा अंधेरीला जातो आणि रात्री परततो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याची किंवा बदलापूरहून दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीची स्थिती याहून निराळी नाही. बढतीसाठी पदवी हवी, पदवीसाठी वर्गात बसावयास हवे आणि वर्गात बसण्यासाठी नोकरी सोडावयास हवी, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला घरबसल्या पदवी देऊ करणारा मनुष्य लबाड असो वा सज्जन, उपकारकर्ताच वाटतो.

ही कोंडी नवी नाही, आणि तिच्यावरील उतारेही नवे नाहीत. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन या कोळसाखाणींच्या गावी टॉमस फॉस्टर नावाच्या वृत्तपत्रकाराने खाणकामगारांना खाणीतील सुरक्षिततेचे ज्ञान टपालाने देण्याचा उपक्रम आरंभिला, आणि त्यातून इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स ही अवाढव्य व्यापारी संस्था उभी राहिली. पहिला हेतू लोककल्याणाचा होता यात संशय नाही. पण धंदा वाढला तसे गावोगाव फिरणारे विक्रेते आले, शुल्क आगाऊ किंवा हप्त्यांनी घेण्याची कबुलायत आली, आणि या व्यवसायाचे गुपित जगाला कळले. ते असे, की जो विद्यार्थी पैसे भरतो आणि मधेच अभ्यास सोडतो, तोच संस्थेला सर्वांत किफायतशीर ठरतो. कारण त्याचे धडे छापावे लागत नाहीत, त्याच्या उत्तरपत्रिका तपासाव्या लागत नाहीत आणि त्याने भरलेली रक्कम मात्र परत जात नाही. कॅनडातील यॉर्क विद्यापीठात शिकविणारे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवरील शिक्षणाचा गाजावाजा सुरू असताना या जुन्या इतिहासाची आठवण करून दिली, तेव्हा त्यांना प्रगतीचे वैरी ठरविण्यात आले. त्यांचा सूर तिखट होता हे खरे. पण पुढच्या पंधरा वर्षांत जे घडले ते पाहता त्यांचे निदान बव्हंशी बरोबर होते, असेच म्हणावे लागते.

आपल्याकडे मात्र टपालशिक्षणाची मुख्य परंपरा सरकारी राहिली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, आणि १९८९ च्या जुलैत नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, ज्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मुक्त शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण हा समज खोडून काढण्यासाठी आयुष्य वेचले. कॅम्पातील वडीलधारी मंडळी अजूनही ‘एक्स्टर्नल केले’, ‘करस्पाँडन्सने केले’ असे किंचित खालच्या स्वरात सांगतात. तो संकोच अनाठायी आहे. लोकलच्या प्रवासात पुस्तक उघडून बी.कॉम. झालेल्या कारकुनाला नियमित महाविद्यालयात गैरहजर राहून बी.कॉम. झालेल्यापेक्षा अधिक येत असे, हे ज्यांनी अशा माणसांबरोबर काम केले त्यांना ठाऊक आहे.

नफ्यासाठी उघडपणे चालविलेल्या ऑनलाइन विद्यापीठाचा खरा नमुना पाहावयाचा तर अमेरिकेतील फिनिक्स विद्यापीठाकडेच वळावे लागते, आणि ते सविस्तर पाहणे इष्ट आहे, कारण आज आपल्याकडे जे जे आधुनिक म्हणून मिरविले जाते त्यातील बहुतेक तेथे आधीच होऊन गेले आहे. त्याचे संस्थापक जॉन स्पर्लिंग हे केंब्रिजला आर्थिक इतिहासात डॉक्टरेट मिळविलेले, सॅन होजे येथील सरकारी महाविद्यालयात शिकविणारे आणि प्राध्यापकांच्या संघटनेत काम केलेले गृहस्थ. अठराव्या शतकातील लंडनच्या ज्या साउथ सी कंपनीच्या फुगवलेल्या भागभांडवलाने हजारो लोक देशोधडीला लागले, त्या कंपनीवर याच स्पर्लिंग यांनी एक शोधग्रंथ लिहिला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. नोकरी करणाऱ्या प्रौढांना प्रचलित विद्यापीठे दाराशीही उभे करीत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. १९७६ मध्ये त्यांनी फिनिक्सची स्थापना केली, दोन वर्षांत तिला मान्यता मिळविली, आणि १९८९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे टेलिफोनसाठीही वर्षानुवर्षे थांबावे लागत असताना, संगणकजालावरून पदवीचे वर्ग सुरू केले.

अध्यापनाची त्यांची पद्धत त्या काळी खरोखरच कल्पक होती. विद्यार्थी एका वेळी एकच विषय घेई आणि तो पाच-सहा आठवड्यांत संपवी. प्राध्यापक बहुतेक अर्धवेळ असत व दिवसा आपापल्या व्यवसायात काम करणारे असत. अभ्यासक्रम मध्यवर्ती कचेरीत तयार होई आणि शिकविणाऱ्याच्या हाती आखीव-रेखीव स्वरूपात पडे. आणि विद्यार्थ्यांचे लहान गट करून त्यांच्याकडून एकत्र काम करवून घेतले जाई. नोकरदार प्रौढाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक गोष्ट सोयीची होती. परंतु ज्या व्यवस्थेत अभ्यासक्रम एकदाच लिहून हजारो वेळा वापरता येतो आणि शिक्षक तासाच्या दराने मिळतो, तेथे पुढील प्रत्येक विद्यार्थी जवळजवळ निव्वळ नफ्याचा ठरतो. आणि पालक कंपनी अपोलो १९९४ मध्ये शेअरबाजारात उतरल्यावर दर तिमाहीला विद्यार्थिसंख्या वाढविणे हीच संस्थेची खरी परीक्षा झाली. २०१० च्या सुमारास ही संख्या सुमारे पावणेपाच लाखांपर्यंत गेली. उत्पन्नाचा फार मोठा भाग अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी-साहाय्यातून, म्हणजे प्रामुख्याने विद्यार्थ्याच्या नावावर चढणाऱ्या कर्जातून येत होता. प्रवेश देणाऱ्या नोकरांना प्रवेशांच्या संख्येवर मेहनताना देण्यास कायद्याची बंदी असताना तसा तो दिला जातो, अशा आरोपांच्या खटल्यात कंपनीने २००९ मध्ये कित्येक कोटी डॉलर भरून तडजोड केली. पुढे मायक्रोसॉफ्ट, अडोबी यांसारख्या कंपन्यांशी आपले नोकऱ्यांविषयी संधान असल्याचा आभास जाहिरातींतून निर्माण केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०१९ च्या डिसेंबरात झालेल्या तडजोडीची रक्कम १९ कोटी १० लाख डॉलर होती, आणि तिच्यातला मोठा भाग विद्यार्थ्यांकडील येणे माफ करण्याचा होता.

एका संस्थेवरून सर्वांची पारख करू नये, हा आक्षेप कोणी घेईल. म्हणून अमेरिकन सिनेटच्या समितीने सिनेटर टॉम हार्किन यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. नफ्यासाठी शिक्षण देणाऱ्या तीस कंपन्यांची दप्तरे समितीने तपासली. एकूण उत्पन्नातून जाहिरात, विपणन आणि प्रवेशभरतीवर २२.७ टक्के, नफा म्हणून १९.४ टक्के, आणि ज्यासाठी ही सारी उठाठेव त्या अध्यापनावर १७.२ टक्के, असा तो जमाखर्च होता. या कंपन्यांकडे विद्यार्थी मिळविणारे नोकर पस्तीस हजारांहून अधिक होते आणि विद्यार्थ्यांना नोकरी मिळविण्यास साहाय्य करणारे साडेतीन हजारांच्या आसपास. २००८-०९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी २०१० च्या मध्यापर्यंत पदवीशिवाय बाहेर पडले होते. स्क्रँटनचे ते जुने गुपित शंभर वर्षांनी सरकारी तक्त्यात छापले गेले, एवढेच. त्यानंतर कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये बंद पडली. फिनिक्सची पालक कंपनी २०१७ मध्ये शेअरबाजारातून बाहेर काढली गेली.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात विद्यापीठ काढावयाचे तर ते कायद्याने निर्माण झालेले असावे लागते आणि खासगी विद्यापीठामागे न्यास, सोसायटी किंवा नफा न वाटणारी कंपनी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ मध्ये आणि महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात २००५ मध्ये असे ठरविले की, संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास हरकत नाही, पण नफेखोरी आणि देणगीशुल्क निषिद्ध आहे. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात आयकराच्या एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले की, करमाफी मागणाऱ्या संस्थेचा हेतू केवळ शिक्षण हाच असला पाहिजे. तत्त्व म्हणून हे सर्व उत्तम आहे. परंतु पाणी अडविले म्हणजे ते नाहीसे होत नाही, दुसऱ्या वाटेने जाते; तद्वत् विद्यापीठाच्या ताळेबंदात ज्या नफ्याला मज्जाव झाला तो विद्यापीठाशेजारी उभ्या राहिलेल्या कंपनीच्या ताळेबंदात जाऊन बसला. विद्यापीठ पदवी देते, नाव देते, मान्यतेचा कागद देते; कंपनी संगणकीय व्यासपीठ उभारते, जाहिरात करते, चौकशी करणाऱ्यांचे क्रमांक मिळविते, फोन करणाऱ्यांची पलटण बाळगते, आणि मोबदल्यात शुल्काचा ठरावीक हिस्सा घेते. आमच्या गावच्या कापडबाजारात या पद्धतीला अडत म्हणतात, आणि तेथे ती निदान पावतीवर लिहिलेली असते.

अमेरिकेत या अडतीचा दर सर्वश्रुत आहे. २००८ मध्ये स्थापन झालेली टूयू ही कंपनी नामांकित विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या चालवी आणि शुल्काचा निम्म्याहून अधिक हिस्सा घेई. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी लोकोपयोगासाठी २०१२ मध्ये काढलेले एडएक्स हे व्यासपीठ तिने २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना विकत घेतले, आणि २०२४ च्या जुलैत ती स्वतःच दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. आपल्याकडे २०१५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अपग्रॅडसारख्या कंपन्या विद्यापीठांशी करार करून अभ्यासक्रम देतात, तर काही मोठी खासगी विद्यापीठे व अभिमत संस्था हे काम स्वतःच्याच ऑनलाइन विभागांतून करतात. कोणत्या करारात कोणाचा हिस्सा किती, हे विद्यार्थ्याने कितीही विचारले तरी त्याला सांगण्यात येत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठा दोष हाच आहे. महागडेपणाचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो.

ही व्यवस्था विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचते ते आता पाहू. मोबाइलवरील एखाद्या जाहिरातीला बोट लागले की नाव व क्रमांक मागितला जातो. तो दिल्याबरोबर त्या तरुणाची धंद्याच्या भाषेत ‘लीड’ होते. फोनवर बोलणारी व्यक्ती बहुधा स्वतः पंचविशीची, महिन्याचे टार्गेट डोक्यावर असलेली असते, आणि तिला समुपदेशक म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय असला तरी तिचा व्यक्तिशः दोष फारसा नाही. सीट मर्यादित आहेत, असे ती सांगते. पडद्यावरच्या वर्गात सीट मर्यादित कशा, हे विचारण्याचे भान समोरच्याला सहसा राहत नाही. एक-दोन लाखांच्या शुल्काचे हप्ते पाडून देणारी वित्तकंपनी सोबत असतेच. विनाव्याज म्हणून सांगितलेल्या या हप्त्यांचा मामला पुष्कळांना उशिरा कळतो: वित्तकंपनी मुद्दल रक्कम शिक्षणकंपनीला एकदम देऊन मोकळी होते, आणि पहिल्या सहामाहीतच ज्याचा अभ्यास सुटला त्या विद्यार्थ्याचा संबंध शिक्षणाशी संपला तरी कर्जाशी संपत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल येणाऱ्या तक्रारींत शिक्षणक्षेत्र वारंवार अग्रभागी राहिले आहे, यात नवल नाही.

सरकारी नियंत्रणाचा इतिहास म्हणजे अपघातानंतर फाटक बांधण्याचा इतिहास होय. छत्तीसगडने २००२ मध्ये असा कायदा केला की, एका अधिसूचनेसरशी खासगी विद्यापीठ निर्माण व्हावे. पाहता पाहता शंभरावर विद्यापीठे कागदावर जन्मली, त्यांतील कित्येकांचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत होता, आणि प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी ती सर्व रद्द केली. त्यानंतर अभ्यासकेंद्रांचे पेव फुटले: परराज्यातल्या अभिमत विद्यापीठाची पाटी, खाली झेरॉक्सचे दुकान, वर एक खोली. अशाच मार्गाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निलंबित केल्या, तेव्हा त्या पदव्यांवर बढती घेऊन दहा-दहा वर्षे झालेल्या माणसांना पुन्हा परीक्षेस बसण्याची पाळी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरचे राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षे आहे. परदेशी छापाचा मोह तर आमच्या गावाला कोणी नव्याने शिकवावयास नको. ‘मेड इन यूएसए’ या छापातील ‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मध्य रेल्वेच्या डब्यात दोन पिढ्या चालत आला आहे. तो मालाच्या बाबतीत ऐकून आम्हीही हसतो. पदवीच्या बाबतीत मात्र हसण्यासारखे काही नाही: काही कंपन्या मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या विकत आहेत, असा जाहीर इशारा आयोगाला २०२३ च्या डिसेंबरात द्यावा लागला.

ऑनलाइन पदवीला आपल्याकडे रीतसर दरवाजा उघडला तो २०१८ च्या नियमांनी, आणि सध्या जो अंमल आहे तो मुख्यतः सप्टेंबर २०२० च्या नियमावलीचा. ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेचे चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान असलेल्या संस्थेलाच या कार्यक्रमांसाठी अर्ज करता येतो; अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, कायदा असे विषय वर्ज्य आहेत; आणि फ्रँचायझी, म्हणजे पदवीचा मक्ता दुसऱ्यास देणे, सक्त मना आहे. २०२२ च्या जानेवारीत आयोगाने शिक्षणकंपन्यांबाबत विद्यार्थ्यांना सावध केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मान्यताप्राप्त संस्थांची ऑनलाइन व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. आणि २०२४ पासून प्रवेशापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे नोंदणी करून ‘डेब आयडी’ घ्यावा असा दंडक आला. हा शेवटचा हुकूम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे अर्जदार निदान एकदा तरी विक्रेत्याच्या पानावरून उठून सरकारी पानावर जातो आणि मान्य संस्थांची यादी त्याच्या डोळ्यांखालून जाते.

आता अध्यापनाविषयी. नियमावलीत ऑनलाइन अभ्यासक्रमाची चार अंगे सांगितली आहेत: ध्वनिचित्रित पाठ, वाचनसामग्री, चर्चामंच आणि मूल्यमापन. कागदावर ही रचना निर्दोष आहे. प्रत्यक्षात पाठ शनिवार-रविवारी थेट होतो किंवा आधी चित्रित केलेला असतो. थेट वर्गात शेकडो नावे दिसतात, कॅमेरे बंद असतात, आणि प्राध्यापकाला आपण भिंतीशी बोलतो आहोत की माणसांशी, हे प्रश्नोत्तरांच्या वेळीच काय ते कळते. वाचनसामग्री बहुधा पीडीएफच्या स्वरूपातील असते. चर्चामंचावर गुणांसाठी दोन ओळी टाकावयाच्या असल्याने एकाने लिहिलेले मत दहा जण शब्द फिरवून लिहितात. मूल्यमापनात पर्यायी प्रश्नांचा भरणा असतो, कारण यंत्राला तेच तपासता येतात आणि यंत्राला पगार नसतो. याला सन्माननीय अपवाद आहेत. पण ते अपवाद कोठे आढळतात हे पाहिले तर असे दिसते की, जेथे विद्यार्थ्याचे लेखी काम माणूस वाचतो आणि त्यावर चार ओळींचा अभिप्राय लिहून परत पाठवितो, तेथेच. शिकविण्याच्या कलेत संगणकाने पुष्कळ भर घातली असेल, परंतु दुसऱ्याच्या चुकलेल्या उत्तरापाशी थांबून ते का चुकले हे सांगणाऱ्या माणसाची जागा त्याने अद्याप घेतलेली नाही. आणि नफ्याच्या हिशेबात सर्वांत महाग तोच माणूस असल्याने कात्री प्रथम त्याच्यावरच चालते.

परीक्षेची कथा आणखी निराळी. घरबसल्या परीक्षा म्हणजे संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर एकट्याने, शांत खोलीत, नजर न हलविता दोन-तीन तास बसणे. जुन्या बराकीच्या विभागलेल्या खोलीत, जेथे स्वयंपाक, शिवणयंत्र, धाकट्या भावंडांचा अभ्यास आणि आजीचा टेलिव्हिजन एकाच छपराखाली नांदतात, तेथे हे एकांताचे भाडे कोणी आणि कोठून भरावे? मागून कोणी गेले की पडद्यावर इशारा उमटतो, वीज गेली की प्रयत्न वाया जातो, आणि यंत्राने संशयित ठरविलेल्या विद्यार्थ्याला दाद मागण्यासाठी पुन्हा ईमेल आणि तक्रार-क्रमांकाच्या दारी जावे लागते. दूरस्थ निरीक्षण ही सोय म्हणून विकली जाते. वस्तुतः परीक्षाकेंद्राचा खर्च संस्थेने आपल्या अंगावरून काढून विद्यार्थ्याच्या घरावर टाकलेला असतो. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मद्रासच्या आयआयटीकडे पाहावे. तिने २०२० मध्ये विदाविज्ञानाची ऑनलाइन पदवी सुरू केली. पाठ व साप्ताहिक गृहपाठ इंटरनेटवर, पण मुख्य परीक्षा मात्र निरनिराळ्या शहरांतील केंद्रांवर समक्ष. आयआयटींनीच २००३ पासून चालविलेल्या एनपीटीईएलचे अभ्यासक्रम तर फुकट ऐकता येतात आणि प्रमाणपत्र हवे असल्यासच माफक शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेला जो बसतो तो शिकलेला असतो, किंवा निदान आपण शिकलो नाही हे त्याला कळते.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही. कंपन्यांच्या ऑनलाइन पदव्यांचा व्यवहार जवळजवळ सर्व इंग्रजीत चालतो. विक्रीचा फोन तेवढा मराठीत किंवा हिंदीत येतो, आणि प्रवेश झाल्यावर भाषा बदलते. याउलट नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, मराठीत क्रमिक पुस्तके लिहवून घेतली, शेतकऱ्यापासून गृहिणीपर्यंत सर्वांना त्या पुस्तकांच्या वाटेने आत घेतले. त्याचे कारभार संथ आहेत, निकाल वेळेवर लागत नाहीत, संकेतस्थळ परीक्षेच्या काळात रुसते, फोन उचलला जात नाही. या तक्रारी खोट्या नाहीत, आणि मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या विद्यार्थ्यांनाही त्या नव्या वाटणार नाहीत. सार्वजनिक संस्थांच्या या ढिलाईनेच खासगी विक्रेत्यांची निम्मी जाहिरात फुकट केली आहे. ज्या दिवशी नाशिकहून किंवा मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या आवारातून विद्यार्थ्याच्या शंकेला आठ दिवसांत माणसाच्या हातचे उत्तर मिळू लागेल, त्या दिवशी कॅम्प १ मधल्या मुलाला दीड लाखाच्या कर्जावर सही करण्याचे प्रयोजन बहुधा उरणार नाही.

मग नफा हेच सर्व दोषांचे मूळ आहे काय? इतके सरळ उत्तर मला देता येत नाही. खासगी संस्थांनी ऑनलाइन वर्गाला जे नेटकेपण आणले, रात्री दहा वाजता पाठ पाहण्याची जी सोय केली, चौकशीला त्वरेने उत्तर देण्याची जी सवय लावली, ती सरकारी दप्तरांनी स्वतः होऊन कधी आणली नसती. कंपनीत आधीच काम करणारा, इंग्रजीत वावरणारा, बढतीसाठी केवळ पदव्युत्तर पात्रता हवी असलेला तिशीतला मनुष्य मान्यताप्राप्त संस्थेतून ऑनलाइन एम.बी.ए. करतो तेव्हा त्याचा पैसा बहुधा वाया जात नाही. अशी उदाहरणे कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या कचेऱ्यांत पुष्कळ सापडतील. हानी होते ती पहिली पदवी, पहिली नोकरी आणि घरातला पहिला इंग्रजी अर्ज या तिन्ही गोष्टी एकदम गाठू पाहणाऱ्या तरुणाची. त्याला शिक्षकाच्या सहवासाची गरज सर्वांत अधिक असते आणि या व्यवस्थेत तोच त्याला सर्वांत कमी मिळतो. आणि विक्रीच्या दृष्टीने सर्वांत सुलभ गिऱ्हाईकही दुर्दैवाने तोच असतो. विद्यापीठाने नफा कमावू नये हा नियम त्याचे रक्षण करू शकला नाही, कारण नियमाची नजर विद्यापीठावर होती आणि पैसा शेजारच्या घरात मोजला जात होता.

म्हणून आयोगाने आता शेजारच्या घरात पाहावे. ऑनलाइन पदवी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती पूर्ण झाले, शुल्काच्या प्रत्येक शंभर रुपयांतून अध्यापनावर किती आणि विद्यार्थी मिळविण्यावर किती गेले, पूर्णवेळ शिक्षक किती आणि कंपनीचा हिस्सा किती, हे आकडे आपल्या प्रवेशपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापावेत, आणि ते छापल्यावाचून प्रवेश देण्यास मनाई असावी. आयोग हे करील तेव्हा करील. तोपर्यंत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील पालकांना माझी विनंती एवढीच आहे की, फोनवर कोणी कितीही घाई केली तरी त्या दिवशी एक रुपयाही भरू नये. प्रथम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि वर्ष ही तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, हप्त्यांचा कागद कोणत्या वित्तकंपनीचा आहे आणि अभ्यास सुटल्यास त्याचे काय होते हे लेखी विचारावे, आणि मुलाचा गृहपाठ वाचून अभिप्राय देणाऱ्या शिक्षकाचे नाव मागावे. ते नाव सांगता येत नसेल, तर तेथे प्रवेश घेऊ नये.